उसाच्या फडातील बछडे व बिनकठड्याच्या विहिरी

गळिताचा हंगाम सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड या तालुक्यांतून एक वार्ता दरवर्षी ठरल्याप्रमाणे येते. ऊसतोडीची टोळी फडाच्या मध्यावर पोहोचते, पाचटाच्या बेचक्यात मांजरीच्या पिल्लांएवढे दोन-तीन जीव अंग चोरून बसलेले दिसतात, कोयते थांबतात आणि पाहता पाहता बांधावर सारा गाव लोटतो. कोणी पिल्लू उचलून घेतो, कोणी दुधाची वाटी आणतो, कोणी आपल्या मुलाच्या हाती ते देऊन छायाचित्र काढतो. दुपार कलेपर्यंत ती पिल्ले दहा हातांतून फिरलेली असतात. या खटाटोपात दुष्टपणाचा लवलेशही नसतो. उलट भूतदयेचाच तो आविष्कार असतो. परंतु भूतदयेस ज्ञानाची जोड नसली म्हणजे तीच जिवावर कशी उठते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की ही पिल्ले बहुधा अनाथ नसतात. बिबट्याची मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर सामान्यतः दोन किंवा तीन पिल्लांना जन्म देते. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात व ते उघडण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. आरंभीचे काही आठवडे ती शिकारीस जाताना त्यांना एका आडोशास दडवून जाते आणि वेळोवेळी जागाही बदलते. माणसांची चाहूल लागताच ती मुकाट्याने शेजारच्या फडात किंवा ओढ्याच्या झुडपात सरकते. म्हणजे ज्या वेळी आपण पिल्लांना 'बिचारी पोरकी' म्हणून कवटाळीत असतो, त्या वेळी त्यांची आई कदाचित हाकेच्या अंतरावरून आपणांस पाहात असते. ती अंधार पडण्याची वाट पाहते, आणि अंधार पडल्यावर ती परत येतेच.

बिबट्या उसात का आला, हा प्रश्न शेतकरी बांधव वारंवार विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच प्रगतीच्या इतिहासात आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालव्यांतून पाणी खेळू लागले आणि जेथे बाजरी व मठ यांवर समाधान मानावे लागे, तेथे ऊस डोलू लागला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. त्यामागून खोडवा ठेवला जातो. इतका दीर्घकाळ कोणी आत न शिरणारा दाट आडोसा, शेजारी पाणी, आणि वस्तीच्या आसपास मोकाट कुत्री, डुकरे व बांधलेल्या शेळ्या! बिबट्यासारख्या चतुर व अल्पसंतुष्ट प्राण्यास आणखी काय हवे? अकोले परिसरात अभयारण्याचे नाव नसलेल्या निव्वळ शेतीच्या प्रदेशात केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले. ते जंगलातून वाट चुकून आलेले पाहुणे नव्हेत. त्यांच्यापैकी कित्येकांचा जन्म उसात झालेला आहे, आणि त्यांच्या आईचाही.

यास्तव पिल्ले दिसल्यावर काय करावे, याचे उत्तर वरकरणी अगदी साधे आहे, आणि म्हणूनच ते पाळणे अवघड जाते. पिल्लांस हात लावू नये. त्या बाजूची तोड तत्काळ थांबवावी, टोळीतील बायका-मुलांना कोप्यांकडे न्यावे आणि वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी व पशुवैद्य येऊन पिल्लांची तपासणी करतात. ती सुदृढ असल्यास जेथे सापडली त्याच जागी, दिवस मावळण्यापूर्वी, एखाद्या खोक्यात किंवा फळांच्या क्रेटमध्ये त्यांना ठेवतात. जवळ आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा लावतात व सर्व माणसे दूर जातात. आई रात्री केव्हातरी येते, वास घेते, खोके कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेस धरून घेऊन जाते. कधी ती पहिल्या रात्री येत नाही. तेव्हा पिल्लांना दिवसा सांभाळून दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवावे लागते. माणसाचा हात लागला म्हणजे आई पिल्लास टाकून देते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. जुन्नर व नाशिक भागांत अशा रीतीने आईकडे परत गेलेल्या पिल्लांनी तो खोटा ठरविला आहे. तथापि समज खोटा आहे म्हणून हाताळण्यास मोकळीक मिळाली, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. लहान जीव भीतीने व थंडीने लवकर खचतो, आणि गाईच्या दुधाने त्यास हगवण लागते.

या संपूर्ण व्यवहारात सर्वांत कठीण गोष्ट कोणती? पिंजरा नव्हे, औषध नव्हे; बांधावरून गर्दी हटविणे. ज्या गावी सरपंच किंवा पोलीस पाटील यांनी पुढे होऊन दोन तास लोकांना थोपविले, तेथे काम सुरळीत होते. जेथे प्रत्येकास पिल्लाबरोबर आपले चित्र हवे असते, तेथे आई फिरकत नाही, पिल्ले केंद्रात जातात आणि बहुधा तेथेच राहतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तेथील प्राण्यांची निगा उत्तम राखली जाते, हे मान्य करूनही सांगितले पाहिजे की तेथील अनेक बिबटे आता कधीही बाहेर पडणार नाहीत. बाटलीने दूध पिऊन वाढलेल्या बिबट्यास शिकार येत नाही आणि, त्याहून वाईट म्हणजे, माणसाचे भय वाटत नाही. असा प्राणी मोकळा सोडणे हा गावावर अन्याय व त्या प्राण्यावरही अन्याय. त्यामुळे त्याची जन्मठेप अटळ ठरते. ही जन्मठेप त्यास कोणी दिली? ज्याने कळवळ्याने त्याला घरी नेऊन बशीत दूध पाजले, त्याने.

येथे एक रोखठोक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रस्तुत लेखकाने प्रशिक्षण वर्गांतून अनेकदा ऐकला आहे. "साहेब, आज पिल्लू वाचवायचे आणि उद्या त्याने आमची शेळी न्यायची, हा कुठला न्याय?" शेळीच नव्हे, माणूसही जातो. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात एक चिमुरडी, एक वृद्धा व एक शाळकरी मुलगा असे तीन जीव बिबट्याने घेतले. लोकांचा क्षोभ झाला. अखेरीस त्या बिबट्यास गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरचे मूल अंगणातून उचलले गेले, त्यांच्यापुढे भूतदयेची प्रवचने करणे हा निव्वळ निर्दयपणा होय, आणि या लेखाचा तो हेतू नाही. माणसावर हल्ला करणारा प्राणी हटविलाच पाहिजे. कायद्यानेही स्वतःच्या वा दुसऱ्याच्या प्राणरक्षणार्थ सद्भावनेने केलेली कृती गुन्हा मानलेली नाही. उसाच्या पट्ट्यात शेतीपंपास दिवसा वीज मिळावी, ही तेथील शेतकऱ्यांची मागणीही सर्वथैव रास्त आहे. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारे धरण्यास जाणाऱ्या माणसास सावधगिरीचा उपदेश काय कामाचा?

परंतु प्रश्न असा की पिल्ले उचलून नेल्याने धोका कमी होतो का? अनुभव उलट आहे. पिल्ले नाहीशी झालेली मादी त्या शिवारातून निघून जात नाही. ती तेथेच घुटमळते, रात्रंदिवस शोध घेते आणि एरवी माणसास टाळणारी ती जात त्या काळात बिथरलेली असते. तोच फड दुसऱ्या दिवशी तोडावयाचा असतो. म्हणजे पिल्लांना आईच्या स्वाधीन करणे हे बिबट्यावर केलेले उपकार नसून तोडणी कामगारांच्या जीविताचा तो विमा आहे.

हीच गोष्ट बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याची. 'आमच्या गावचा बिबट्या धरा आणि जंगलात सोडा' ही मागणी ऐकण्यास न्याय्य वाटते. जुन्नर परिसरात २००१ नंतर तसे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. परिणाम काय झाला? डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यापूर्वी वर्षाकाठी सरासरी ४ मनुष्यांवर हल्ले होत, ते १७ वर गेले. कारण उघड आहे. अनोळखी मुलखात टाकलेला, पकडीच्या झटापटीत कधी दात मोडून घेतलेला, भुकेला व भेदरलेला प्राणी आपल्या जुन्या ठिकाणाकडे निघतो; वाटेत ज्यांची गाठ पडते त्यांस त्याची किंमत मोजावी लागते. आणि रिकामी झालेली जागा रिकामी राहात नाही; शेजारचा तरणा बिबट्या ती बळकावतो. गावाच्या दृष्टीने ओळखीचा जाऊन अनोळखी आला, इतकाच काय तो फरक.

या संदर्भात 'आजोबा'ची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. हा वयस्क नर २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडला. त्यास बाहेर काढून, गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. हा गृहस्थ तेथे राहिला नाही. रेल्वेमार्ग व वर्दळीचे महामार्ग ओलांडीत, सुमारे १२० किलोमीटरांची मजल मारून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. त्या प्रवासात तो असंख्य वस्त्यांजवळून गेला, पण कोणास इजा केल्याची नोंद नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरात मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्या कथेतील घाट, महामार्ग व मुंबई यांकडे सर्वांचे लक्ष जाते. प्रस्तुत लेखकास मात्र त्या कथेच्या पहिल्या वाक्यातील विहीर अधिक महत्त्वाची वाटते.

कारण आपल्या शिवारातील जखमी रानजीवांचा हिशेब मांडू लागलो तर बिनकठड्याची विहीर अग्रभागी येईल. जुन्या विहिरींवर मोट होती, तोवर थारोळे होते, धाव होती, माणसांचा राबता होता. काठ स्वच्छ असे. विजेचा पंप आला, माणूस बटण दाबून घरी जाऊ लागला आणि काठ गवताने व घाणेरीने झाकून गेला. रात्री सशामागे किंवा कुत्र्यामागे धावणाऱ्या बिबट्यास, तरसास, कोल्ह्यास तो काठ दिसत नाही. चाळीस-पन्नास फूट खोल पडलेला प्राणी वाचलाच तर पाण्यात पोहत राहतो, भिंतीच्या कपारीस नखे रोवतो, नखे तुटतात, पंजे सोलवटतात, आणि दमून तो बुडतो. सकाळी कोणाच्या लक्षात आले तर दैव थोर.

अशा वेळी पहिले काम म्हणजे त्यास टेकण्यासाठी काहीतरी देणे. घरची बाज चारही कोपऱ्यांस दोर बांधून अलगद पाण्यावर सोडावी. प्राणी तिच्यावर चढून बसतो व त्याचा दम टिकतो. पंप बंद करावा. दगड मारून त्यास 'हलविण्याचा' उद्योग कोणी करू देऊ नये. आणि कितीही धीट गडी असला तरी त्यास विहिरीत उतरू देऊ नये. पुढे वनकर्मचारी दार उघडे ठेवलेला पिंजरा खाली सोडतात, किंवा नुसती लांब शिडी लावून सर्वांना मागे घेतात. हा दुसरा उपाय फार सोपा आणि, गर्दी हटली तर, फार गुणकारी आहे. अंधार पडला की प्राणी शिडीने वर येतो व आल्या वाटेने निघून जातो. त्यास ना भुलीचे औषध लागते, ना पिंजरा, ना प्रवास. परंतु पाहणाऱ्यांस त्यात काही नाट्य दिसत नाही, म्हणून तो लोकप्रिय नाही!

विहिरीवर तीन फुटांचा कठडा किंवा तारेची भक्कम जाळी बसविण्यास येणारा खर्च एका हंगामाच्या रासायनिक खतापुढे फारसा नाही. शिवाय ती केवळ जनावरांसाठी नव्हे. दरसाल कितीतरी बैल, वासरे आणि लहान मुले या विहिरींनी गिळली आहेत. वाडीतील एखादे मूल गेल्यानंतर महिनाभरात कठडा बांधला जातो, हे लेखकाने पाहिले आहे. तो महिनाभर आधी का बांधला जात नाही, हे कोडे मात्र उलगडलेले नाही.

विहिरीचीच धाकटी बहीण म्हणजे शेततळे. त्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण त्याचा प्रसार आपल्याच खात्याने केला. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली आणि अवर्षणाच्या पट्ट्यातील फळबागांस तिने मोठाच आधार दिला. परंतु प्लॅस्टिकच्या अस्तराची उतरती भिंत ओली झाली म्हणजे साबणासारखी निसरडी होते. पाणी पिण्यास उतरलेला ससा, हरीण, कोल्हा किंवा घोरपड घसरून आत जाते आणि काठ हातभर अंतरावर दिसत असूनही तिला वर चढता येत नाही. पोहणारा धडधाकट माणूसही त्यातून वर येऊ शकत नाही; तशा शोचनीय घटना वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. यावर उपाय अगदी गावठी आहे. काथ्याचा जाड दोर घेऊन त्यास दर वीतभर अंतरावर गाठी माराव्यात व तो वरच्या खुंटास बांधून अस्तरावरून पाण्यापर्यंत सोडून द्यावा. चारही बाजूंना असा एकेक दोर, किंवा जुन्या टायरांची माळ, किंवा जुन्या दोरांची विणलेली पट्टी असली म्हणजे माणूस व जनावर दोहोंची सोय होते. तळ्याची लांबी-रुंदी व अस्तराची जाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कुंपण व हे दोर यांचीही नोंद का करू नये? लेखकाच्या मते या दोन बाबींवाचून अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊच नये. हे मत काही सहकाऱ्यांस कडक वाटेल. वाटो.

आता लहान जिवांकडे वळू. बिबट्यास वर्तमानपत्रात जागा मिळते, घुबडाला नाही. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर घुबड अधिक जवळचे. जुन्या वाड्यांच्या माळवदात व विहिरींच्या कोनाड्यांत राहणारे पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड एका रात्रीत अनेक उंदीर फस्त करते. पिल्ले असता तर त्या जोडप्यास रात्रभर उसंत नसते. त्यास अशुभ मानून दगड मारणे हा आपल्याकडील अडाणीपणाचा एक प्रकार. आणि दुसरा प्रकार आहे शहाण्यांचा, ज्यात प्रस्तुत लेखकही एकदा सापडला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका गावी जुना वाडा पाडताना घुबडाची तीन पिल्ले खाली पडली. लेखक तेव्हा नवखा कृषी सहायक होता व पुस्तकी भूतदयेने भारलेला होता. मजुरांच्या हातून पिल्ले सोडवून त्याने ती आपल्या खोलीवर आणली, टोपलीत कापूस घातला, दिवा लावून ऊब दिली आणि दूध-पाव भरविला. रात्री छपरावर कोणी घोगऱ्या आवाजात किंचाळत होते. घरमालकीणबाई घाबरून राम राम म्हणत होत्या. दुसऱ्या रात्रीही तसेच. तिसऱ्या दिवशी दोन पिल्ले मेली, चौथ्या दिवशी तिसरे. पुढे एका वृद्ध पशुवैद्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घुबडाला दूध कशाला पचेल? त्याला उंदीर हवा, तोही हाडा-केसांसकट. आणि छपरावर जे ओरडत होते ना, ते आई-बाप होते." वाडा पाडला त्याच्या शेजारच्या भिंतीवर, उंचावर, एक लाकडी खोके ठोकून पिल्ले त्यात ठेवली असती तर त्या दोघांनी ती वाढविली असती. चार खिळे आणि एक खोके, एवढाच खर्च होता.

तेव्हापासून लेखक कोणासही हेच सांगतो की जखमी पक्षी हाती आला तर त्याच्या मुखात काही घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोच उघडून ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते व ज्यास आपण तहान भागविली असे समजतो, तो बुडून मरतो. सुती फडके अंगावर टाकून पक्षी अलगद उचलावा, पुठ्ठ्याच्या खोक्यास भोके पाडून त्यात ठेवावा, झाकण लावावे आणि खोके सावलीत, कुत्र्या-मांजरांपासून दूर, निवांत जागी ठेवावे. अंधार व शांतता हेच त्याचे पहिले औषध. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहणे म्हणजे त्याच्या दृष्टीने दर पाच मिनिटांनी वाघ येऊन डोकावणे होय. हरीण, ससा यांसारखे भित्रे प्राणी तर जखमेपेक्षा धरपकडीनेच अधिक मरतात. जिवाच्या आकांताने धडपडताना त्यांच्या स्नायूंत आम्ल साठते, स्नायू आतून नासतात आणि वरून साजरा दिसणारा प्राणी एक-दोन दिवसांनी अकस्मात मान टाकतो. गवत कापताना काळविटाचे पाडस निश्चल पडलेले आढळले तर ते आजारी नसते. आईने त्यास तसेच पडून राहण्यास शिकविलेले असते. त्याला तेथेच ठेवावे व विळा दुसऱ्या बाजूस चालवावा.

कोल्हा, मुंगूस, तरस यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. जो रानटी प्राणी माणसापासून पळत नाही, झोकांड्या खातो, लाळ गाळतो, त्यास पिसाळी असण्याचा संभव मोठा. त्याच्याजवळ जाऊ नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. दया करताना स्वतःच्या लेकराबाळांस विसरू नये.

एकेका जिवाची शुश्रूषा आवश्यक आहेच. पण केवळ तिने भागत नाही, हे गिधाडांनी आपणांस शिकविले. एके काळी प्रत्येक गावाच्या ढोरफोडीवर थव्याने उतरणारी गिधाडे १९९० नंतरच्या काळात झपाट्याने नाहीशी झाली. आकाशातून माना टाकून पडणारी गिधाडे कितीही उचलून दवाखान्यात नेली असती तरी ती वाचली नसती. कारण रोग रेड्यास आणि औषध पखालीस, असा तो प्रकार झाला असता. २००४ मध्ये खरे कारण हाती लागले. आजारी गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटी जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये तसेच घातक ठरलेल्या किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक औषध उपलब्ध आहे. गोठ्यात गाय आजारी असता डॉक्टरांस औषधाचे नाव विचारणारा शेतकरी, गिधाड डोळ्यांनी न पाहताही, त्याचा प्राण वाचवीत असतो. त्याचप्रमाणे पेरणीनंतर कीटकनाशक लावलेले बी उघड्यावर सांडलेले असल्यास ते मातीआड करणारा शेतकरी मोर व चित्तूर वाचवितो, आणि संक्रांतीस मुलाच्या हाती साधा सुती दोरा देणारा बाप घारी व बगळे वाचवितो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली; तरी तो तालुक्याच्या बाजारात आडून मिळतो, हे कोणास ठाऊक नाही?

कायद्याविषयी थोडेसे, कारण त्याचा बागुलबुवा फार केला जातो. 'जखमी जनावरास हात लावला तर आपणच अडकू' या भीतीने पुष्कळ लोक पाहूनही न पाहिल्यासारखे करतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये असा प्राणी शासनाची मालमत्ता असतो; तो कोणाच्या ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा वन अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. अर्थात जो तत्काळ कळवितो, त्यास भिण्याचे कारण नाही. भ्यावे त्याने, जो पिल्लू पाळण्यासाठी घरी ठेवतो. मात्र कळविल्यावर मदत वेळेवर पोहोचली पाहिजे, ही शासनाची बाजू. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे २०१५ पासून जखमी वन्यप्राण्यांसाठी स्वतंत्र उपचार केंद्र चालते व जंगलात परत सोडता येतील असे प्राणी सोडणे हाच त्याचा उद्देश आहे. तशी सोय हाताच्या अंतरावर असलेले जिल्हे अजून थोडेच. एका तालुक्याच्या ठिकाणी, रस्त्यावर धडक बसलेल्या तरसाजवळ लेखक व आणखी दोघे सकाळपासून दुपारपर्यंत बसून होते. दूरध्वनी चारदा झाला, गाडी आली ती प्राणी मेल्यावर. गाडी एकच होती व ती दुसऱ्या टोकास गेली होती. कर्मचाऱ्यांस दोष देऊन काय होणार? एका गाडीत दोन तालुके बसत नाहीत.

म्हणून गावोगावच्या कृषी सहायकांना, पशुधन पर्यवेक्षकांना व साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांना लेखकाची विनंती आहे की हे काम केवळ वन विभागाचे म्हणून बाजूस सारू नये. तोडीचा कार्यक्रम कारखाना ठरवितो. टोळीच्या मुकादमास पहिल्याच दिवशी बछड्यांविषयीच्या सूचना देणे त्यास सहज शक्य आहे. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणारे हे कामगार बिबट्याच्या शिवारात उघड्या कोप्यांत निजतात; ही माहिती मिळण्याचा पहिला हक्क त्यांचा. फड एका बाजूने तोडीत जावा, म्हणजे आतील जनावरास दुसऱ्या बाजूने निघून जाण्यास वाट राहते. चारही बाजूंनी तोडून मध्ये बेट ठेवू नये. ऊस किंवा पाचट पेटवू नये. त्यात पिल्ले जळतात, आणि जमिनीचा कसही जळतो, हे तर आपण या पानांतून अनेक वर्षे सांगत आलो आहोत.

या महिन्यात खोडव्याची पाहणी करण्यास जाल तेव्हा आपल्या व शेजाऱ्याच्या विहिरीच्या काठावरचे गवत कापून घ्यावे आणि कठडा होईपर्यंत चार खांब रोवून भोवती बोराटीच्या काटेरी फांद्या तरी लावाव्यात. आत एक जुनी शिडी किंवा खाचा पाडलेला बाभळीचा ओंडका दोराने बांधून सोडावा. दोर नायलॉनचा चालेल. पण जाळे मात्र नायलॉनचे नको, कारण त्यात उंदरांमागे आलेली धामण अडकून मरते.